मेलेली दाढ

"घरात सतत घाण वास येतो असं वाटतं का, आजी? काहीतरी कुजल्यासारखा?" डॉक्टरणीने विचारलं तेव्हा नंदाबाई खुर्चीत आडवी होती आणि तिच्या तोंडात कापसाचा बोळा होता, म्हणून तिने नुसती मान हलवली. मान हलवताना तिला बरंसुद्धा वाटलं. एवढ्या महिन्यांत शिकल्यासवरल्या माणसाने पहिल्यांदा विचारलं होतं. बोळा निघाल्याबरोबर ती म्हणाली, "वाटतं काय बाई, येतोच. माझी सून होती ना घरात, तिच्यापायी सगळं—" पण त्या पोरीने वाक्य पुरं होऊ दिलं नाही. तिने समोरचा टीव्हीसारखा पडदा नंदाबाईकडे फिरवला आणि त्यावर बोट ठेवून म्हणाली, "तो वास घरातला नाही, आजी. तुमच्या आतला आहे."

नंदाबाईला वाटलं, पोरगी चेष्टा करतेय. ऋता का काय नाव तिचं, तिचा मुलगा आकाश मघाशी बाहेर 'ऋता मॅडम, ऋता मॅडम' करत होता. वय असेल त्याच्याहून दोनचार वर्षांनी कमीच. पण चेहऱ्यावर चेष्टा नव्हती. पडद्यावर नंदाबाईचं डोकं होतं, मधोमध चिरलेल्या कलिंगडासारखं, आणि ते आपलंच डोकं आहे हे कुणी सांगितलं नसतं तर तिने ओळखलंही नसतं. "ही बघा, गालाच्या हाडात दोन्ही बाजूंना पोकळी असते. उजवीकडची काळी दिसतेय, म्हणजे तिथे हवा आहे. बरोबर आहे तसं. डावीकडची सगळी राखाडी. ती पू भरून गच्च झालीय. आणि हे तिचं कारण." बोट खाली सरकलं. वरच्या ओळीतली शेवटून दुसरी दाढ. "या दाढेची मुळं आणि ती पोकळी यांच्या मध्ये कांद्याच्या सालीइतकं पातळ हाड असतं. दाढ आतून सडली, पू वर चढला, हाड पोखरलं. ही दाढ पूर्वी दुखायची ना?" दुखायची. "मग दुखायची थांबली?" थांबली. नंदाबाईनेच थांबवली होती. "थांबली कारण ती मेली, आजी. आतली नस मेली, पण सड चालू राहिली. डाव्याच नाकपुडीतून पिवळट पाणी येतं ना? खाली वाकलं की गाल जड होतो? तो पू तिथून नाकात उतरतो आणि तुम्हाला चोवीस तास त्याचाच वास येतो. दुसऱ्या कुणाला नाही येणार. तुम्ही जिथे जाल तिथे तो तुमच्यासोबत." मग ती गोळ्यांचं बोलली, सूज उतरली की दाढ काढायचं बोलली, पुढे नाक-कान-घशाच्या डॉक्टरांकडून पोकळी धुवून घ्यावी लागेल म्हणाली, आणि अजून दुर्लक्ष केलं असतं तर डोळ्यापर्यंत गेलं असतं असंही म्हणाली. पण नंदाबाईच्या कानांत 'दुसऱ्या कुणाला नाही येणार' हे शब्द अडकून बसले होते, घशात माशाचा काटा अडकावा तसे. आकाश त्या वेळी खोलीत नव्हता. तो लिफ्टा दुरुस्त करायचा, कुठल्यातरी बिल्डिंगीची अडकली म्हणून त्याला फोन आला होता आणि तो बाहेर रस्त्यावर उभा राहून, कुठली तार आधी काढायची ते कुणाला तरी ओरडून सांगत होता. म्हणजे हे ऐकलं फक्त तिने.

ती बाहेरच्या बाकावर येऊन बसली. मुलुंडचा हा काचेचा दवाखाना, फरशी अशी की तोंड बघून घ्यावं, आणि मघाशी आत पाऊल टाकताना तिने नाकाला पदर लावून आकाशला म्हटलं होतं, "बघ, एवढा चकाचक आणि कुठेतरी उंदीर मेलाय ह्यांचा." आता तिने हळूच पदर खाली घेतला आणि नाकाने श्वास ओढला. उंदीर होता. तो आत होता. जागा सोडून कधी गेलाच नव्हता. घाम फुटावा तशी तिला एकेक जागा आठवायला लागली. नाहूरच्या घरात फ्रीजमागे, बेसिनखाली, गादीत. विहारात वंदनेला बसली असताना, तेव्हा तिला वाटलं होतं कुणीतरी शिळी फुलं वाहिलीत. भाजी बाजारात. शेजारच्या मिथुनच्या आईच्या घरी चहाला गेली तिथे. प्रत्येक ठिकाणी तिने कारण शोधलं होतं आणि प्रत्येक ठिकाणी कारण सापडलंही होतं, कारण प्रत्येक ठिकाणी तिची सून, शीतल, तिच्या शेजारी होती.

नंदाबाईचं नाक म्हणजे काही साधी गोष्ट नव्हती. जुन्या चाळीत असताना दूध फुटायच्या आधी तिला कळायचं. वायर जळाल्याचा वास तिला एका भर दुपारी तीन घरं सोडून आला होता, आणि तिने आरडाओरडा केला म्हणून अख्खी ओळ वाचली होती. तेव्हापासून बायका कोळणीकडून बांगडा घेतला की आधी तिच्याकडे आणायच्या, नंदाबाई नाक लावायची आणि म्हणायची, "परत कर. कालचा आहे, डोळ्यात काजळ घातलंय नुसतं." दादू, तिचा नवरा, जिवंत असताना म्हणायचा की पोलिसांनी हिला कामाला ठेवलं तर कुत्र्यांची भाकरी वाचेल. ती हसायची, पण तिला ठाऊक होतं की हे नाक देवाघरून आलेलं नाही. ते तिने कमावलेलं होतं. लग्न होऊन जालन्याकडून इथे आली, दादूच्या एकट्याच्या पगारात भागेना, म्हणून मुलुंडलाच एका घरी धुण्याला लागली. बाई चांगल्या होत्या, चहा द्यायच्या, वेगळ्या कपात का होईना, पण द्यायच्या. एकदा पाहुणे आले असताना बाईंनी तिला मागच्या दाराने जायला सांगितलं आणि स्वयंपाकघरात बहिणीला म्हणाल्या, कामाला हात चांगला आहे गं, पण ह्या लोकांना एक वास असतोच. मोठ्याने नाही बोलल्या. नंदाच्या कानाला मात्र बरोबर ऐकू आलं. त्या दिवशी तिने घरी येऊन मोरीतल्या दगडाने हात घासले, मग दंड, मग मान, कातडी सोलून लाल झाली तरी घासत राहिली, आणि दादू बाहेरून विचारत होता, अगं किती वेळ. नंतर ती त्या घरी गेली नाही. पण जगात कुणाच्या नाकाला आपल्या घराबद्दल बोलायला जागा ठेवायची नाही, हे तिने तेव्हा ठरवलं. फरशीला दोनदा फिनेल. उशांचे अभ्रे आठवड्याला. कुणी हुंगायच्या आत आपण हुंगायचं.

दाताचा तर तिला वेगळाच तोरा होता. बिल्डिंगीतल्या तरण्या पोरींच्या दातांत तारा, तोंडात चांदी, आणि ही या वयात उसाचं कांडं दातांनी सोलायची. विचारलं की म्हणायची, "मशेरी. तुमच्या पेस्टला काय चव आहे का? पुदिना खाल्ल्यासारखं." शीतल ऑफिसला गेली की दुपारी ती तव्यावर तंबाखू भाजायची, आणि त्या धुराने सातवा मजला सगळा खोकायचा, पण दार वाजवून बोलायची छाती कुणाची नव्हती. त्या वासाचं कुणी काही म्हणत नाही याचं तिला कधी नवल वाटलं नाही. दाढेने पहिल्यांदा ठणका मारला तेव्हा तिने कुणाला सांगितलं नाही. सांगायचं तर दातांचा तोरा गेला. तिने लवंग ठेचून मशेरीत कालवली आणि बोटाने दाबून दाढेत भरली, रोज, झोपताना, उठल्यावर, आणि एके दिवशी ठणका गेला. सांडशीने विंचू उचलून फेकावा तसा. ती महिनाभर स्वतःवरच खूश होती. दुखणं मेलं म्हणजे दुखणं गेलं, असंच तिला वाटलं, आणि कुणाला नाही वाटणार. मग सर्दी सुरू झाली, एकाच बाजूची. कोपऱ्यावरचा डॉक्टर सर्दीच्या गोळ्या द्यायचा, चार दिवस बरं वाटायचं, पुन्हा तेच. आणि मग वास.

रिक्षात बसल्यावर आकाशने विचारलं, "काय म्हणाल्या मॅडम?"

"दाढ काढायची. गोळ्या दिल्यात."

"बस?"

"बस," नंदाबाई म्हणाली, आणि बाहेर बघायला लागली. सुजलेला गाल त्याच्या बाजूला होता, म्हणून तिचा चेहरा वाचायचं त्याला काही साधन नव्हतं. रविवारचा रस्ता मोकळा होता. तिला एकदम कळलं की गोष्ट इथे संपू शकते. गोळ्यांनी वास जाईल, दाढ जाईल, आणि ती चार बायकांत म्हणेल, सून गेल्यावर बाई घराने श्वास घेतला. सगळ्या मान डोलावतील. कुणी एक सुद्धा विचारणार नाही. हे इतकं सोपं होतं. सगळ्या मान डोलावतील, कारण आधीही डोलावली होती.

मनालीचा वाढदिवस. नात सहाची झाली म्हणून घरात फुगे लावलेले, मजल्यावरची माणसं, शीतलच्या ऑफिसातल्या पवईच्या दोन मैत्रिणी. शीतल सकाळपासून ओट्याशी उभी, मूळची महाडकडची पोर, हाताला चव होती तिच्या, हे नंदाबाईने कुणाजवळ कबूल केलं नव्हतं तरी खरं होतं. सुके बोंबील तिने कधीचे बंद केले होते. माहेरहून आलेला सुकटीचा डबा नंदाबाईने उचलून कचऱ्यात टाकला तेव्हा ती गप्प राहिली होती. फ्रीज तिने दोनदा रिकामा करून सोड्याने पुसला होता. आणि तरी केक कापायला ती पुढे आली तेव्हा नंदाबाईच्या नाकात तो भपकारा उठला, आणि सगळ्यांसमोर ती म्हणाली, "शीतल, आधी अंगावर पाणी घेऊन ये. माणसं आहेत घरात." फुग्याला फुगा घासल्याचा आवाज आला. शीतल म्हणाली, "आई, सकाळी केलीये अंघोळ." नंदाबाईने आकाशकडे बघितलं. "येत नाही का रे वास? सांग तिला." आकाशने खाली बघितलं आणि म्हणाला, "येतो थोडा." मिथुनची आई दाराशी उभी होती, ती लगेच म्हणाली, "येतो बाई, हल्ली येतो." शीतल मोरीत गेली. ओल्या केसांनी, नवीन साडीच्या निऱ्या भिजलेल्या, ती परत आली आणि फोटोत सगळ्यांच्या मागे, पार भिंतीला जाऊन उभी राहिली. तो फोटो आकाशच्या मोबाईलवर आहे. त्यात शीतलने स्वतःचा पदर नाकाजवळ धरलाय. तेव्हा नंदाबाईला वाटलं होतं, लाजतेय. आता रिक्षात तिला कळलं की ती स्वतःलाच हुंगत होती.

"आकाश," ती म्हणाली, "तुला खरंच येत होता?"

"काय?"

"वास. मनालीच्या वाढदिवसाला. तू म्हणालास येतो."

आकाशने मोबाईल खिशात ठेवला. "आता ते कशाला काढतेस, आई."

"येत होता का नाही तेवढं सांग."

"तू विचारलंस सगळ्यांसमोर. मग काय म्हणणार मी?"

"मी काय विचारलं ते नाही विचारत तुला. तुझ्या नाकाला आला का?"

रिक्षा सिग्नलला थांबली. आकाशने पुढच्या टेम्पोच्या मागची अक्षरं वाचली. मग म्हणाला, "नाही. कधीच नाही आला. मला वाटलं माझंच नाक खराब असेल. तुला येतो म्हणजे असणार ना काहीतरी. तुझं नाक कधी चुकलंय?"

"आणि शीतलला? तिला काय सांगितलंस?"

"तिने विचारलं मला नंतर. म्हणाली, खरं सांग, तुला माझ्या गळ्याची शपथ. मी म्हटलं, थोडा येतो, जास्त नाही."

"तू नवरा ना रे तिचा."

"आणि तुझा कोण मी?" आकाश म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता, नुसता थकवा होता, आणि तो थकवा नंदाबाईला त्या पडद्यावरच्या राखाडी रंगासारखा वाटला, आत भरलेला, बाहेरून न दिसणारा. तिने एका घरात राहून, एका नाकाच्या जोरावर, जो नव्हताच असा वास सगळ्यांच्या नाकात घातला होता. कुणालाच तो आला नव्हता आणि विचारलं की 'येतो' म्हणाले होते. आणि शीतलने मानलं की आपल्याला आपलाच वास येत नसणार. नंदाबाईला शीतलचे हात दिसले. गेल्या पावसाळ्यात भांडी घासताना कोपरापर्यंत लाल, खरवडलेले, आणि तिने विचारलं होतं, "काय गं, खरूज झाली का?" शीतल म्हणाली होती, "नाही आई, घासणीने घासते रोज." ते हात तिने बघितले होते. अगदी समोरून, उजेडात. मोरीतला दगड बघितलेल्या बाईने ते हात बघितले आणि तिला काही म्हणजे काही आठवलं नाही.

शीतल भांडण न करता गेली होती. दोन पिशव्या आणि मनाली. दारात म्हणाली, "माझ्यामुळे तुमच्या घराला वास नको." त्यावर नंदाबाईने आठ दिवस दारंखिडक्या उघड्या टाकल्या, वास जाईना, तेव्हा तिने शेजारणीला समजावलं, गादीत मुरलाय, आणि गादी फेकली. मग म्हणाली, कपाटात मुरलाय.

"भाऊ, रिक्षा वळवा," ती एकदम म्हणाली. "दहिसरला चला."

रिक्षावाल्याने आरशातून बघितलं. "दहिसर? मावशी, नाहूर बोललात ना. दहिसर म्हणजे पार दुसऱ्या टोकाला."

"टोक मला ठाऊक आहे. तुम्ही वळवा."

 आकाशने एकदा तिच्या सुजलेल्या गालाकडे बघितलं आणि म्हणाला, "आधी गोळी तरी घे." ती म्हणाली, "नको." गोळीने वास गेला तर तिथे जाऊन काय दाखवणार, हे तिच्या मनात आलं, आणि ते किती वेडं आहे तेही कळलं. पवईच्या तलावावरून रिक्षा गेली, पाण्याकडून वारा आला असणार, कारण आकाशने डोळे मिटून श्वास घेतला. तिनेही घेतला. उंदीर. तलावाचा वास कसा असतो ते तिला माहीत होतं, शेवाळ आणि ओली माती, पण ते आता आठवून आणावं लागत होतं. म्हणजे इतके महिने तिने जे जे हुंगलं ते सगळं तिने हुंगलंच नव्हतं.

दहिसरला नदीच्या कडेच्या चाळीत शीतलच्या आईची खोली. आई बाहेर गेली असावी, चपला नव्हत्या. दारातल्या दोरीवर बोंबील सुकत होते आणि त्यांचा वास नंदाबाईला येत नव्हता. दार उघडंच होतं. शीतल आतून आली, उंबऱ्यापर्यंत, आणि सासूला बघून तिने जे केलं ते तिने ठरवून केलं नव्हतं, ते तिच्या अंगात बसलेलं होतं. ती दोन पावलं मागे सरकली. हात पाठीमागे घेतले. वाऱ्याची बाजू बघावी तशी खिडकीकडे एक नजर टाकली आणि खिडकीपासून दूर झाली, म्हणजे वारा आपल्या अंगावरून सासूकडे जाऊ नये. मग म्हणाली, "या, आई. गाल कशाने सुजला?"

नंदाबाई उंबऱ्यातच उभी राहिली. रस्ताभर तिने वाक्यं जुळवली होती. तिच्या तोंडाला वाक्यांची कधी वाण नव्हती, भांडणात तर ती समोरच्याचा तिसरा शब्द यायच्या आत त्याला घरी पाठवायची. ती पहिलं वाक्य बोलणार तेवढ्यात मनाली पलंगावरून उडी मारून धावत आली, आणि जवळ येता येता थबकली, आईसारखीच. मग तिने फ्रॉकची बाही वर सारली आणि हात पुढे केला. बारीक हात, कोपराजवळ घासल्याच्या रेघा.

"आजी, आता नाही येत," ती म्हणाली. "आम्ही दोघी रोज दोनदा साबण लावतो. आई मला पण घासते. बघ ना हुंगून."

"मनाली, आत हो," शीतल म्हणाली.

"अगं बघू दे ना तिला. आजीचं नाक चुकत नाही, बाबा म्हणतो."

हात तसाच पुढे होता. मागे जिन्याशी आकाश उभा होता आणि तो हलला नाही. नंदाबाई गुडघ्यावर बसली. वाकल्याबरोबर गाल शिशासारखा जड झाला आणि डोळ्यामागे कळ गेली. तिने तो हात दोन्ही हातांत घेतला, नाकाला लावला आणि श्वास ओढला. आला. होता तसाच, कुजका, गोडसर, नातीच्या कोवळ्या कातडीवर नाक टेकलेलं असताना आला. क्षणभर तिला ती मुलुंडची बाई आठवली, तिने कधी नाक टेकवून बघितलं असेल का.

"येतो का?" मनालीने विचारलं.

"येतो," नंदाबाई म्हणाली.

मनालीचा हात तिच्या हातात ताठ झाला. 

"पण तुझा नाही, बाळा. तुझ्या आईचा तर कधीच नव्हता," नंदाबाई म्हणाली. "शीतल, मोबाईलची बत्ती लाव. इकडे ये. जवळ ये, अगं, एवढ्या लांबून काय दिसणार. वरच्या बाजूला बघ, डावीकडे. शेवटून दुसरी. सडलीय ती. वास तिचा, माझ्याच नाकात."

शीतल आली नाही. तिने आकाशकडे बघितलं, त्याने खाली बघितलं. मग ती आली, एक पाऊल, थांबून आणखी एक, आणि समोर बसली. नंदाबाईने तोंड उघडलं. ज्या तोंडाने जन्मभर दुसऱ्याला बोलायला जागा दिली नव्हती ते तोंड तिने उघडं ठेवलं, जेवढं उघडेल तेवढं, सुजलेला गाल ताणून दुखेपर्यंत, आणि त्यात काळवंडलेले मशेरीचे दात आणि ती मेलेली दाढ होती. शीतलने तिची हनुवटी धरली. उजेड तोंडात पडला. शीतल बघत होती, वाकून, श्वास रोखून, आणि मग तिने रोखलेला श्वास सोडला आणि नाकाने पुन्हा घेतला. तिचा हात नंदाबाईच्या नाकाखाली होता. त्याला साबणाचा वास असणार. नंदाबाईला तो येत नव्हता. साबणाचा वास कसा असतो ते ती आठवत राहिली.